ज्याचं रक्त, त्याचा कागद

आमच्या बाई रक्त काढताना कधी ‘घाबरू नका’ म्हणाल्या नाहीत. ‘दुखणार आहे,’ म्हणायच्या. ‘सुई आहे ती, मोरपीस नाही. हात सरळ.’ बिरवाडीच्या कारखान्यांत पाठीवर पोती वाहणारे गडी त्यांच्यासमोर छडी खायला आल्यासारखे हात पुढे करून बसायचे. कुणी ‘डॉक्टरीणबाई’ म्हटलं की त्या सुई तशीच वर धरून थांबायच्या. ‘मी डॉक्टर नाही. मी रक्त बघते. डॉक्टरांशी काय खोटं बोलायचं ते बोला, माझ्याशी बोलून उपयोग नाही.’

महाडच्या बाजारपेठेत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांची रक्त-लघवी तपासायची लॅब होती. मी पोलादपूरहून रोज एस.टी.ने यायची. रिपोर्ट टाइप करणं, नंबर लावणं, बाटल्या धुणं, आणि बाईंनी एखाद्याला फार झोडपलं की बाहेर येऊन त्याला पाणी देणं, ही माझी कामं. ‘बाई’ सोडून दुसरं काही म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. एका औषधकंपनीच्या माणसानं ‘मॅडम’ म्हटलं तर त्याला त्यांनी उंबऱ्याबाहेर जाऊन पुन्हा आत यायला लावलं होतं.

त्यांच्या रागाला वेळकाळ नव्हता. उशिरा आलेल्या पेशंटवर राग, लवकर आलेल्यावरही राग. चपला उलट्या पडल्या की राग. पण सगळ्यांत मोठा राग एका प्रश्नावर यायचा. कुणी काउंटरवर रेलून, इकडेतिकडे बघत, आवाज उतरवून विचारलं, ‘अमक्याच्या रिपोर्टात काय आलं हो?’ की बाईंच्या नाकपुड्या फुगायच्या.

‘तुम्ही कोण त्याचे?’

‘मी चुलता.’

‘रक्त तुमचं काढलं का मी?’

‘नाही, पण घरचंच आहे ना...’

‘ज्याचं रक्त, त्याचा कागद. चला, पुढे व्हा.’

नवरा बायकोचा रिपोर्ट घ्यायला आला तरी हेच. सासू सुनेचा घ्यायला आली तर विचारूच नका.

याच हट्टापायी त्यांनी एक विचित्र पद्धत काढली होती. बाकावर बसलेल्या माणसांना त्या खऱ्या नावानं हाक मारायच्या नाहीत. भाताच्या जातींची नावं द्यायच्या. ‘कोलम, आत या.’ ‘राता, तुमचा कागद तयार आहे.’ ‘वरंगळ कुठे गेला? बिडी ओढायला गेला असेल तर मलेरिया त्याला तिकडेच खाऊ दे.’ नव्या माणसाला वाटायचं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. गावात तसं बोललंही जायचं. पहिले काही महिने मलाही तो पोरखेळ वाटे. रिपोर्टवर नाव खरं असायचं, पण ते पाकिटात, आणि पाकीट ज्याचं त्याच्या हातात.

एकदा एक गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन आले. त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं. मुलगा मुंबईत नोकरीला. गावी आला असताना ताप आला म्हणून आमच्याकडे रक्त देऊन गेला होता. ‘त्याच्या रक्तात वावगं काही निघालं का, बाई? तुम्ही बोलूसुद्धा नका. नुसती मान हलवा. हो किंवा नाही.’

बाईंनी पुडा सोडला. एक पेढा मला दिला, एक स्वतः खाल्ला. ‘पेढे चांगले आहेत,’ म्हणाल्या. ‘आता असं करा, मुलाला घेऊन या आणि मुलीलाही आणा. दोघांचं रक्त काढते, फुकट. दोघांना चालणार असेल तर एकमेकांसमोर कागद देते.’

‘म्हणजे? माझ्या मुलीचंही?’

‘का? तिच्यात काय, पन्हं आहे?’

गृहस्थ पुडा तसाच टाकून गेले. पेढे आम्ही दोन दिवस खाल्ले.

इमारतीचे मालक वरच्या मजल्यावर राहायचे. त्यांना सगळा बाजार नाना म्हणायचा. नाना आणि बाई यांचं पाण्याच्या टाकीवरून भांडण होतं, माझ्या आधीपासूनचं. कॉक कुणी उघडा ठेवला, टाकी कुणी रिकामी केली, यावरून सुरू होऊन ते एकमेकांशी बोलणं बंद होण्यापर्यंत गेलं होतं. पण एकाच इमारतीत राहून न बोलता चालत नाही. म्हणून ते माझ्यामार्फत बोलायचे, समोरासमोर उभे राहून.

‘तिला सांग, पायरीवर बाटल्या वाळत घालू नकोस म्हणावं.’

‘यांना सांग, पायरी माझ्या भाड्यात येते.’

मी सांगायची गरजच नसायची. पण मध्ये मी उभी नसले तर दोघंही गप्प राहायचे, मी येईपर्यंत.

कॉम्प्युटर आला तेव्हा बाई पन्नाशीच्या होत्या. महाडातल्या क्लासला जाऊन कॉलेजच्या मुलांमध्ये बसायच्या. शिकवणाऱ्याला त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, ‘या पेटीत मी रिपोर्ट ठेवले आणि कुणी पेटी उघडून वाचले तर?’ तो हसला. ‘बाई, कोण वाचतंय तुमचे रिपोर्ट?’ बाई क्लासमधून उठून आल्या त्या परत गेल्या नाहीत. ‘कोण वाचतंय म्हणे! अख्खा बाजार टपलाय. याला महाड माहीतच नाही.’

त्यांच्याबरोबर शिकलेल्या कुणाचा तरी भाऊ पुण्यात इंजिनिअर होता. बाई त्याच्याकडे जाऊन दोन दिवस राहिल्या आणि एक प्रोग्रॅम घेऊन आल्या. तो कसा चालतो ते त्यांनी मला भाकरी खाताना समजावलं. लिहिलेलं सगळं त्या प्रोग्रॅममधून काढलं की त्याचा नुसता चिवडा होतो, कुणालाही वाचता न येणारा. तो पुन्हा सरळ करायचा तर किल्ली लागते. किल्ली म्हणजे एक लहानशी फाइल, फ्लॉपीत मावणारी. आणि ती किल्ली चालायला एक परवलीचं वाक्य लागतं, ते बाईंच्या डोक्यात. किल्ली हरवली तर वाक्य माहीत असून उपयोग नाही, आणि वाक्य माहीत नसेल तर किल्ली मिळून उपयोग नाही.

दर शनिवारी त्या चिवड्याची सीडी निघायची आणि ती मी पोलादपूरला माझ्या घरी न्यायची. ‘आणि किल्ली?’ मी विचारलं होतं. ‘सीडी ज्या घरात, त्या घरात किल्ली ठेवायची नाही,’ बाई म्हणाल्या. कुठे ठेवली ते सांगितलं नाही.

एवढी राखण कशाची, ते मला हळूहळू कळत गेलं. डोंगरावरच्या वाड्यांतले निम्मे पुरुष मुंबईला असत. सणाला येत, लावणीला येत. त्या वर्षांत काही जण नेहमीच्या वेळेआधीच परत यायला लागले, वाळलेले, खोकणारे. मग त्यांच्या बायका यायच्या. त्या चाचणीचा निकाल बाई कधी काउंटरवर देत नसत. आतल्या खोलीत बसवून, मला बाहेर पाठवून, दार लावून सांगायच्या.

त्यातल्याच एकीला बाईंनी झिनी नाव दिलं होतं. मीही तेच लिहीन. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीवर राहायची, शेळ्या राखायची. नवरा मुंबईत एका हॉटेलात होता, तो गेला. पदरात एक मुलगी. ती निकाल घ्यायला आली त्या दिवशी बाकावर दुसरं कुणी नव्हतं, आणि पातळ फळीच्या भिंतीतून मला सगळं ऐकू आलं.

‘म्हंजे मी मरनार काय, बाय?’

‘मरणार. मीही मरणार. पण सांगते तसं केलंस तर एवढ्यात नाही.’

‘सासूला नका सांगू गो बाय. गोठ्यात झोपाय लावील. पोरीला पन शिवाय देनार नाय.’

‘मी कुणाला सांगत नाही. तू सांगितलंस तरच कळेल.’

गोळ्या तेव्हा महाग होत्या. मुंबईतला एक डॉक्टर कुठल्याशा संस्थेकडून त्या मिळवून द्यायचा; बाई जाऊन आणायच्या. झिनी बाटल्यांवरची लेबलं ओढ्याच्या पाण्यात भिजवून काढून टाकायची, म्हणजे सासूला वाटावं ताकदीच्या गोळ्या आहेत. सुरुवातीला एका गोळीनं तिच्या अंगावर असा पुरळ उठला की ओठ सोलले, डोळे मिटले, ताप उतरेना. मुंबईच्या डॉक्टरनं गोळी बदलली म्हणून ती वाचली. ‘ही गोळी हिच्या पोटात पुन्हा जाता कामा नये,’ असं त्यानं बजावलं. बाईंनी ते नावानिशी कॉम्प्युटरमध्ये घातलं. पुढे तो डॉक्टर परदेशी गेला. त्याच्या जागी आलेल्याला जुनं काही सापडेना.

आणि मग त्या जुलैत सावित्री आणि गांधारी दोन्ही नद्या एकदम गावात शिरल्या.

महाडकरांना पाण्याची सवय असते. पाणी येणार म्हटलं की दुकानदार माल एक फळी वर चढवतो आणि बाहेर बघत बसतो. त्या दिवशी फळ्या पुरल्या नाहीत. मी आदल्या दिवशीपासून बाईंकडेच अडकले होते, घाटाकडची एस.टी. बंद होती. आम्ही कॉम्प्युटर कपाटावर ठेवला, फ्रिज ओढत होतो, पाणी मांड्यांना लागलं होतं. जिन्यावरून नानांची हाक आली, ‘तिला सांग, फ्रिज गेला खड्ड्यात, वर ये म्हणावं!’

बाई ओरडल्या, ‘यांना सांग, मला दोन हात हवेत, तोंड नकोय!’

नाना लेंगा गुडघ्यावर घेऊन खाली उतरले. तिघांनी मिळून फ्रिज टेबलावर चढवला, आणि आमच्या डोळ्यांदेखत टेबल, फ्रिज, कपाट सगळं पाण्याखाली गेलं. बाईंच्या हातात तेवढा मायक्रोस्कोप राहिला. तो त्यांनी लहान मुलासारखा कडेवर घेऊन वर आणला.

पाणी ओसरल्यावर मागे राहिला तो चिखल मी जन्मात विसरणार नाही. कॉम्प्युटर उघडला तर आतून घट्ट, काळा गाळ पडला. पुण्याच्या इंजिनिअरनं फोनवर सांगितलं, ‘यातलं काही मिळणार नाही.’ गावात तापाची साथ आली. वीज नव्हती, तर बाई पायरीवर बसून मायक्रोस्कोपच्या आरशात ऊन पकडायच्या आणि काचा तपासायच्या. शिव्याही तिथूनच द्यायच्या, नगरपालिकेला, धरणवाल्यांना, ढगांना.

अशा चिखलात झिनी आली. मुंबईच्या एका सरकारी हॉस्पिटलात आता त्या गोळ्या फुकट मिळायला लागल्या होत्या. ती तिथे जाऊन आली होती. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, आधी काय घेत होतीस, कशानं त्रास झाला होता, त्याचा कागद आण.

‘म्या सांगितला, पांढरी गोळी व्हती. तो हसला. सगल्या पांढऱ्याच असतात बोलला.’ तिनं रिकाम्या होत आलेल्या बाटल्या काढून दाखवल्या. कोऱ्या. ‘आता ह्या संपल्या का मग नाय.’

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘मला आठवतंय हिला कुठली गोळी बाधली होती ते. म्हणजे, वाटतंय.’ आणि मग स्वतःवरच चिडल्या. ‘तिघीचौघींना पुरळ उठला होता. कुणाला कशानं, ते मी डोक्यात कशाला ठेवू? म्हणून तर लिहिलं होतं! वाटतंय म्हणून कुणाला गोळी द्यायची नसते.’

मी पोलादपूरहून सीड्या आणल्या. ओळखीच्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सुरू झाला होता, तिथे लावून पाहिल्या. सीड्या ठणठणीत होत्या. आत नुसता चिवडा.

‘कॉम्प्युटरमधली किल्ली तर गाळात गेली. दुसरी प्रत आहे ना?’ मी विचारलं.

‘आहे.’

‘कुठे?’

बाईंनी हनुवटी वर करून छताकडे दाखवलं.

‘नानांकडे?’ मला खरंच वाटेना. ‘बाई, ते तुमच्याशी बोलतसुद्धा नाहीत!’

‘म्हणूनच. मैत्रिणीकडे दिली असती तर तिनं काळजीपोटी उघडून बघितली असती, चार जणींना सांगितलं असतं. या माणसाला माझ्या वस्तूला हात लावायचीसुद्धा किळस आहे. मी डबा त्यांच्या दारात ठेवला, म्हटलं, ठेवायचा तर ठेवा नाहीतर फेका. माझं ऐकायचं नाही म्हणून तरी फेकणार नाहीत.’

आम्ही लगेच वर गेलो. नानांच्या खुर्चीत दुसरंच कुणी बसलं होतं.

एका मोठ्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष होते ते. पंचक्रोशीत त्यांच्या शाळा, वसतिगृहं. पुरात त्यांनी माणसांना तांदूळ वाटले, चादरी वाटल्या, ते खोटं नाही. पण वर्षभरापूर्वी हेच अध्यक्ष आमच्या लॅबमध्ये येऊन म्हणाले होते, वसतिगृहातल्या कोणकोणत्या मुलांच्या आईबापांना ‘तो रोग’ आहे तेवढं सांगा, आणि बाईंनी त्यांना पायरी दाखवली होती. नानांचा मुलगा त्यांच्याच शाळेत मास्तर. डब्याची गोष्ट त्याच्याकडून त्यांना कळली असणार. सीलबंद डबा समोर टीपॉयवर होता.

‘बसा, बाई,’ अध्यक्ष म्हणाले. ‘तुमचं नुकसान झालंय, ऐकलं. आमची संस्था तुम्हाला नवीन कॉम्प्युटर घेऊन देईल. मुंबईहून माणूस आणू, सगळं परत उघडून देईल. फक्त एकदा मला ती नावं बघू द्या. सगळी नकोत, वसतिगृहापुरती. माझ्या पोरांच्या जेवणापाण्याचा प्रश्न आहे. आईबाप येऊन विचारतात मला, आमची मुलं कुणाच्या पंगतीत बसतात.’

बाई बसल्या नाहीत. इतक्या शांत आवाजात त्या बोलल्या की मला भीती वाटली.

‘पंगतीनं हा रोग होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे?’

‘मला माहीत आहे हो. लोकांना कोण सांगणार?’

‘तुम्ही. तुम्ही शाळा चालवता ना?’ आणि मग आवाज चढला. ‘अहो, कुठल्या गावात बसलाय तुम्ही? इथून चालत गेलात तर चवदार तळं आहे. पाण्याला कुणी शिवायचं यावरून या गावात माणसांची डोकी फुटलीत! दर मार्चला तुम्ही तिथे जाऊन भाषण करता, मी ऐकलंय ते. आणि आता रक्तावरून वेगळ्या पंगती मांडणार? लाज नाही वाटत?’

अध्यक्ष नानांकडे वळले. ‘नाना, डबा तुमच्याकडची ठेव आहे. तुम्ही ठरवा. तुमचा मुलगा आमच्याकडेच आहे, तुम्ही काही परके नाही.’

ते ज्या गोड सुरात हे बोलले, तो सूर आजही आठवला की माझी कानशिलं तापतात. एका म्हाताऱ्याला त्याच्याच घरात, त्याच्याच खुर्चीत बसून मुलाच्या नोकरीचा धाक घालायचा आणि वर परके नाही म्हणायचं!

 नाना उठले, डबा उचलला आणि माझ्या हातात दिला.

‘तिला सांग, ठेव होती ती परत केली. आणि पुन्हा माझ्या दारात काही आणून ठेवू नकोस म्हणावं.’ मग अध्यक्षांकडे न बघता मलाच म्हणाले, ‘यांना सांग, जिना उतरताना सांभाळा. पुरानं खालची पायरी हललीय.’

पुढच्याच महिन्यात त्यांच्या मुलाची बदली डोंगरातल्या एका शाखेत झाली, जिथे जायला जीपसुद्धा रोज मिळत नाही. नानांनी ते बाईंना कधी ऐकवलं नाही. मलाही नाही.

डबा आम्ही त्या ऑफिसात नेऊन उघडला. आत दोन फ्लॉप्या, वेगवेगळ्या पिशव्यांत, प्रत्येकीबरोबर दमट हवा शोषून घेणाऱ्या खड्यांच्या पुड्या. लॅबवाली बाई, कोकणातली हवा तिला ठाऊक. तरी पहिल्या फ्लॉपीवर बुरशी धरली होती. मशीननं करकर आवाज केला आणि ती बाहेर टाकली. दुसरी घातली. करकर. बाईंनी डोळे मिटून घेतले. मग दिवा लुकलुकला, आणि किल्लीची फाइल पडद्यावर दिसली.

‘तोंड भिंतीकडे करा,’ बाईंनी हुकूम सोडला. मी आणि त्या ऑफिसचा मालक दोघंही भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. परवलीचं वाक्य टाइप झालं. चुकीचं म्हणून परत आलं. पुन्हा टाइप झालं. पुन्हा परत. बाईंच्या तोंडून एक अस्सल शिवी गेली. मग त्या एकदम म्हणाल्या, ‘अरे, हा कीबोर्ड आपला नव्हे! याचं बटण अडकतंय.’ त्यांनी एकेक अक्षर दाबून, मोजत, टाइप केलं.

मी वळून पाहिलं तेव्हा चिवड्याच्या ओळींची माणसं झाली होती. नावं, वयं, गावं. बाईंनी हातानं अर्धा पडदा झाकला आणि फक्त झिनीची नोंद उघडली. पुरळ उठवणाऱ्या गोळीचं नाव त्यांनी वाचलं, आणि मग बोट ठेवून पुन्हा वाचलं.

‘मला आठवत होती ती दुसरीच होती,’ त्या म्हणाल्या. ‘मी तोंडी सांगितलं असतं तर हीच दिली असती त्यांनी. मी मारलं असतं तिला.’

बाईंना मी पहिल्यांदाच खुर्चीत टेकून बसलेलं पाहिलं.

कागद काढून आम्ही दोघी झिनीला घेऊन मुंबईला गेलो. ते हॉस्पिटल कोणतं ते महत्त्वाचं नाही. डॉक्टर भला होता. त्यानं कागद वाचला, गोळी बदलून लिहिली, बाईंना नमस्कार केला. मला झेरॉक्स काढायला खाली पाठवलं. औषधाच्या खिडकीपाशी काय झालं ते झिनीनं मला नंतर सांगितलं. गर्दी खूप होती. खिडकीपाशी एक शिपाई होता. त्यानं हातातली पट्टी आपटली आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं ओरडला, ‘एड्सवाले डाव्या बाजूला! वेगळी रांग करा! बाकीच्या लोकांनी त्यांच्यात मिसळू नका!’

म्हणजे बघा. एका बाईनं वर्षानुवर्षं भाताची नावं घेऊन हाका मारल्या, वेडी म्हणवून घेतलं, रिपोर्टांचा चिवडा केला, पुरातून तो परत मिळवला. आणि एका शिपायानं एका ओरडण्यात सगळ्यांच्या कपाळावर शिक्का मारून टाकला.  माणसं भराभर उजवीकडे सरकली. झिनी पदर तोंडावर घेऊन मध्येच उभी राहिली. तिला ना इकडे जाववेना, ना तिकडे.

मी परत आले तेव्हा डावी रांग लागली होती. सगळ्यांत पुढे, ताठ मानेनं, बाई उभ्या होत्या. त्यांच्यामागे झिनी, तिच्यामागे आणखी काही जण.

शिपाई विचारत होता, ‘तुमचा केसपेपर?’

‘डॉक्टरला दाखवीन. तू डॉक्टर आहेस?’

मी जवळ गेले. ‘बाई, अहो, तुम्ही कशाला...’

बाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली जशी त्या काउंटरवर रेलणाऱ्यांवर टाकायच्या. मोठ्यानं म्हणाल्या, ‘ही कोण? मी ओळखत नाही हिला. ए बाई, तुझी रांग तिकडे आहे.’

मला रडू आलं. इतकी वर्षं काम करून ही किंमत? परत येताना वडखळपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. तिथे त्यांनी वडे घेतले, पुडी माझ्या मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, ‘तुला घर आहे, नवरा आहे, शाळेत जाणारी मुलगी आहे. त्या व्हरांड्यात आपल्याकडचं कुणी नव्हतं असं वाटतं तुला?’

होतंच. पोलादपूरचा माणूस मुंबईत कुठे नसतो? आम्ही घरी पोचून दोन दिवस होत नाहीत तोवर बाजारात झालं होतं, लॅबवाल्या बाईला तो रोग आहे. स्वतः रांगेत उभी होती.

मला वाटलं, बाई पेटून उठतील. एका शब्दात हे थांबवतील. आपला कागद काचेला आतून चिकटवतील. मी तसं म्हणाले. बाई माझ्यावर अशा डाफरल्या की बाटली माझ्या हातातून पडली. ‘मी माझा कागद लावला, की उद्या झिनीला म्हणतील तूही लाव. नसेल लावत तर आहेच म्हणतील.’

मग माणसं यायची कमी झाली. गावातल्या डॉक्टरांनी नमुने दुसरीकडे पाठवायला सुरुवात केली. शिकलेसवरलेले डॉक्टर, ज्यांना रोग कसा होतो हे पाठ होतं! विचारलं तर म्हणायचे, ‘आमचं काही नाही हो, पेशंट ऐकत नाहीत.’ दूधवाला पिशवी पायरीवर टाकून जायला लागला. ज्या चुलत्यांना, सासवांना बाईंनी पिटाळून लावलं होतं, त्या सगळ्यांना आता त्यांचा सूड मिळाला होता.

एक नाना तेवढे रोज दुपारी खाली येऊन पायरीवर बसायला लागले, बाजाराकडे तोंड करून. बाईंच्या कपातून, सगळ्यांना दिसेल असा, सावकाश चहा प्यायचे.

‘तिला सांग, साखर जास्त झालीय.’

‘यांना सांग, फुकटचा आहे.’

लॅब त्यानंतर फार चालली नाही. बंद करताना बाईंनी एकेका पेशंटला बोलावून त्याचा कागद त्याच्या हातात दिला, सीड्या मोडल्या, दोन्ही फ्लॉप्या कात्रीनं कापल्या. मग त्या शिवथरच्या बाजूला बहिणीच्या गावी गेल्या. तिथे मायक्रोस्कोप घेऊन तापाच्या काचा तपासायच्या, म्हणे, आणि सरपंचाशी भांडायच्या. तिथेच गेल्या. झिनी मला अधूनमधून पोलादपूरच्या बाजारात भेटते. तिची मुलगी आता नोकरी करते.

अलीकडे एका लग्नात अध्यक्ष भेटले. फार थकलेत. माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले, बाईंबद्दल चांगलं बोलले, फार तत्त्वाची बाई म्हणाले. मग इकडेतिकडे बघून, आवाज उतरवून विचारलं, ‘आता त्या गेल्या. आता सांगायला हरकत नाही. तुम्ही जवळ होतात. खरं काय होतं? होता का त्यांना?’

मला ते माहीत आहे. सुयांचं काम करणाऱ्यानं दर वर्षी आपलंही रक्त तपासायचं, हा बाईंचा नियम होता, आणि त्यांचं रक्त मी काढायची. शेवटच्या वर्षीसुद्धा मीच काढलं होतं. तपासणी त्यांनी केली आणि निकाल मला स्वतःहून सांगितला.

अध्यक्ष वाट बघत होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले, ते खाली बघेपर्यंत. मग उठून दुसऱ्या पंगतीला जाऊन बसले. तुम्हालाही तोच प्रश्न पडला असेल, तर त्याचं उत्तर मी इथेही लिहिणार नाही.